एकाच दिवसाच्या दोन तारखा

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाचे डोळे कोणत्याही कागदावर प्रथम तारीख शोधतात. रक्कम नंतर, सही त्याच्याही नंतर. निवृत्त होऊन सहा वर्षे लोटली तरी ही सवय सुटलेली नाही. गेल्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता लेकीकडे जपानमधील कोबे शहरी गेलो होतो. तेथे सहज तिचे बँकेचे पासबुक हाती घेतले आणि पहिल्याच ओळीवर नजर अडखळली. पगार जमा झाल्याच्या नोंदीपुढे ‘०६-०४-०८’ असे आकडे होते. मी म्हणालो, “अगं, हे तर अठरा वर्षांपूर्वीचे खाते दिसते!” ती हसून म्हणाली, “बाबा, ते दोन हजार सहा नव्हे. रेइवा सहा. इथे सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष मोजतात.”

मग तिने पर्समधून शंभर येनचे एक नाणे काढून दाखविले. एका बाजूस साकुरा, म्हणजे चेरीची फुले. दुसऱ्या बाजूस मूल्य आणि वर्ष. तेही कारकिर्दीचेच. जन्माचा दाखला, वाहन परवाना, सरकारी अर्ज या सर्वांवर हीच गणना अजून चालते.

आपणांस यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या घरातील दिनदर्शिकेच्या पानावर त्याच एप्रिलमध्ये इसवी सन २०२४, शके १९४६, विक्रम संवत २०८० आणि वीर निर्वाण संवत २५५० असे चार आकडे शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदत होते. दिवाळीला वहीपूजन करताना आपण संवत लिहितो आणि दुसऱ्या दिवशी त्याच पेढीवर इंग्रजी तारखेचा धनादेश फाडतो. कोणी आपल्याला विचारीत नाही की, तुम्ही नेमके कोणत्या राज्याचे?

जपानमध्ये मात्र एके काळी हाच प्रश्न विचारला जात होता. कागदावर कोणते वर्ष लिहिले यावरून माणूस कोणाच्या बाजूचा हे ठरत होते. हा काळ थोडाथोडका नव्हे, १३३६ ते १३९२ असा छप्पन्न वर्षांचा होता. त्याला ‘नंबोकुचो’ म्हणतात. ‘नान’ म्हणजे दक्षिण, ‘होकु’ म्हणजे उत्तर आणि ‘चो’ म्हणजे दरबार. एका देशात दोन सम्राट, दोन राजधान्या आणि म्हणून प्रत्येक दिवसाच्या दोन तारखा. या काळाने मला पुरते पछाडले. त्याच्या खुणा पाहण्यासाठी आम्ही तीन ठिकाणी गेलो. त्या प्रवासाची ही हकीकत.

कोबे : एका समाधीपाशी

कोबे हे नाव आपल्या समाजातील मोत्यांच्या व्यापाऱ्यांना नवे नाही. कितानो भागातील संगमरवरी जैन मंदिर १९८५ पासून तेथे उभे आहे. त्या मंदिरात दर्शन घेऊन आम्ही कोबे स्थानकाजवळच्या मिनातोगावा देवस्थानात गेलो. शहराच्या ऐन गजबजाटात हे एक शांत आवार आहे. तेथे कुसुनोकी मासाशिगे या योद्ध्याची समाधी आहे. मितो प्रांताचे अधिपती तोकुगावा मित्सुकुनी यांनी १६९२ मध्ये त्याच्यासाठी येथे शिळा उभारली. मृत्यूनंतर साडेतीनशे वर्षांनी!

मासाशिगे ज्या लढाईत पडला ती १३३६ च्या उन्हाळ्यात याच परिसरात झाली. या लढाईचे वर्ष जपानी गणनेने कोणते, असे विचारले तर दोन उत्तरे मिळतात. मासाशिगे ज्या सम्राटासाठी लढला त्या गो-दाइगोने त्याच वर्षी वसंत ऋतूत नवे युगनाम जाहीर केले होते : एन्गेन. म्हणून त्याच्या पक्षाच्या लेखी ते एन्गेनचे पहिले वर्ष. विरुद्ध बाजूचा सेनापती आशिकागा ताकाउजी याने तो बदल मानलाच नाही. त्याच्या कागदांवर जुनेच केन्मु युग चालू राहिले. म्हणून त्याच्या लेखी ते केन्मुचे तिसरे वर्ष. एकच सकाळ, एकच समुद्रकिनारा, समोरासमोर उभे दोन तळ. आणि दोन्ही तळांवर लिहिले जाणारे वर्ष वेगळे.

येथे युगनामाविषयी थोडे सांगितले पाहिजे. इसवी सन ६४५ मध्ये ‘ताइका’ या नावाने ही प्रथा सुरू झाली. तेव्हापासून आजवर सुमारे अडीचशे युगे झाली. चिनी लिपीतील शुभ अर्थाची अक्षरे, बहुधा दोन, निवडून युगाचे नाव ठरवीत. आज एका सम्राटाचे एकच युग असते. पण हा नियम १८६८ पासूनचा. त्यापूर्वी भूकंप, साथीचा रोग किंवा आकाशात धूमकेतू दिसला तरी युग बदलीत आणि वर्षाचा आकडा पुन्हा एकपासून सुरू होई. युग बदलण्याचा अधिकार फक्त सम्राटाचा. त्यामुळे सम्राट दोन झाले की युगेही दोन होणार, हे ओघानेच आले.

भांडणाचे मूळ

हे दोन सम्राट कोठून आले? याचे उत्तर वाचताना मला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा आपल्याच बाजारपेठेतील एखाद्या घराची आठवण होत राहिली.

सम्राट गो-सागा १२७२ मध्ये निवर्तला. त्याचे दोन मुलगे, थोरला गो-फुकाकुसा आणि धाकटा कामेयामा, दोघेही गादीवर बसून गेले होते. पुढे घराण्याची सूत्रे कोणाच्या शाखेकडे राहावीत याचा स्पष्ट निर्णय पित्याने केला नाही. तो कामाकुरा येथील लष्करी राजवटीवर सोपविला. परिणामी दोन शाखांनी आळीपाळीने गादी सांभाळावी अशी तडजोड निघाली. मिळकतीचीही विभागणी झाली : मोठ्या जमीनजुमल्याचा एक समूह एका शाखेकडे, दुसरा दुसरीकडे. पाळी कधी संपते, पुढची कोणाची, यावर दर वेळी वाद होई आणि दर वेळी बाहेरच्या माणसाला मध्यस्थ म्हणून बोलवावे लागे.

गो-दाइगो हा धाकट्या शाखेचा. त्याला आळीपाळी मान्य नव्हती आणि लष्करी राजवटही नको होती. १३३३ मध्ये ताकाउजीसारखे सरदार फुटून त्याला मिळाले आणि कामाकुराची सत्ता कोसळली. मग गो-दाइगोने स्वतः राज्य करण्याचा प्रयोग केला. त्याने १३३४ मध्ये स्वतःचे नाणे पाडण्याचाही हुकूम काढला होता. ‘केन्कोन त्सूहो’ असे त्याचे नाव ठरले. पण त्या नाण्याचा एकही नमुना आजवर सापडलेला नाही. लढाईत ज्यांनी रक्त सांडले त्यांना अपेक्षेइतके इनाम मिळाले नाही, असंतोष वाढला आणि ताकाउजी उलटला. १३३६ मध्ये त्याने क्योटो घेतले आणि थोरल्या शाखेतील कोम्यो याला गादीवर बसविले.

सम्राटपदाची खूण म्हणजे तीन पवित्र वस्तू : आरसा, तलवार आणि रत्न. गो-दाइगोने त्या विजेत्यांच्या स्वाधीन केल्या. मग जपानी वर्षाच्या अखेरच्या महिन्यात तो क्योटोतून निसटला, दक्षिणेकडील योशिनोच्या डोंगरात गेला आणि तेथून त्याने जाहीर केले की, दिलेल्या वस्तू नकली आहेत, खऱ्या माझ्याजवळच आहेत. क्योटोचा तो उत्तर दरबार, योशिनोचा तो दक्षिण दरबार.

योशिनो : साकुराचा डोंगर

ओसाका शहरातील आबेनोबाशी स्थानकातून जलद गाडीने सव्वा तासात योशिनोला पोहोचता येते. शेवटचा टप्पा वळणावळणांचा, दोन्ही बाजूंस देवदारासारख्या सुगी वृक्षांची रांग. स्थानकातून वर चढले की डोंगराच्या कण्यावरून जाणारी एकच अरुंद वाट लागते. तीच बाजारपेठ, तीच तीर्थयात्रेची वाट. दोन्ही बाजूंस लाकडी दुकाने. प्रत्येक दुकानाच्या मागे दरी आणि दरीत साकुरा.

या डोंगरावर साकुराची सुमारे ३०,००० झाडे आहेत असे सांगतात. पायथा, मध्य, माथा आणि अंतर्भाग अशा चार टप्प्यांत ती खालून वर फुलत जातात. आम्ही एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा पायथ्याची फुले गळून वाटेवर पसरली होती आणि माथ्याची बहरात होती. हे वृक्ष कोणा राजाने शोभेसाठी लावलेले नव्हेत. येथील झाओ गोंगेन या देवतेची पहिली मूर्ती साकुराच्या लाकडात कोरली गेली अशी श्रद्धा आहे. म्हणून साकुराला पावित्र्य आले, भाविक देवाला रोप वाहू लागले आणि शेकडो वर्षांत डोंगर भरून गेला.

वाटेवर काचेसारखी पारदर्शक मिठाई दिसली. सौ.ने कौतुकाने चौकशी केली. योशिनोची ही खासियत ‘कुझु’ नावाच्या वेलीच्या पिठापासून होते. पीठ कशाचे, असे लेकीने दुकानदारास विचारले, तर उत्तर आले, “मुळाचे.” आम्ही हात जोडून पुढे निघालो. जाणाऱ्यांनी फराळ सोबत नेलेला बरा.

झाओदो हे किम्पुसेनजी मंदिराचे मुख्य सभागृह. सुमारे ३४ मीटर उंच, पूर्ण लाकडी. खांब म्हणजे तासून गुळगुळीत न केलेले अखंड वृक्षच. आजची वास्तू सोळाव्या शतकाच्या अखेरची आहे. आधीची का उरली नाही, ते पुढे येईलच. जवळच योशिमिझु देवस्थान आहे. येथेच गो-दाइगो प्रथम उतरला. त्याची बैठक म्हणून दाखविली जाणारी खोली पाहिली आणि मन चरकले. आपल्याकडील एखाद्या सधन अडत्याची बैठक याहून मोठी असते. या चटईच्या खोलीतून देशाचे वर्ष ठरविले जात होते!

समोरच्या उतारावर न्योइरिनजी मंदिर आणि त्याच्यामागे दगडी पायऱ्या चढून गेले की गो-दाइगोची समाधी. कुंपणाआड गवताळ उंचवटा, वर उंच झाडे. बाकी काही नाही. जपानी सम्राटांच्या समाध्या सामान्यतः दक्षिणाभिमुख असतात. ही उत्तरेकडे तोंड करून आहे, कारण उत्तरेस क्योटो आहे. १३३९ मध्ये, योशिनोत तीन वर्षेही पुरती होण्याआधी तो येथे वारला. त्याच्या लोकांनी ते वर्ष एन्गेन चौथे असे लिहिले. क्योटोत त्याच दिवशी र्याकुओ दुसरे वर्ष चालू होते.

त्या कुंपणापाशी आम्ही बराच वेळ उभे होतो. सौ. हळूच म्हणाली, “घराकडे तोंड करून झोपलाय बिचारा.”

‘शोहेइ’ नावाचे युग

गो-दाइगोनंतर त्याचा मुलगा गो-मुराकामी दक्षिणेचा सम्राट झाला. त्याच्या कारकिर्दीत १३४६ मध्ये जे युग सुरू झाले त्याचे नाव शोहेइ. पहिल्या अक्षराचा अर्थ योग्य, न्याय्य. दुसऱ्याचा सम, शांत. हे युग १३७० पर्यंत चोवीस वर्षे चालले. दक्षिण दरबाराच्या युगांत सर्वांत दीर्घ हेच. नावात शांतता होती. चोवीस वर्षांत ती फारशी कोणाच्या वाट्याला आली नाही.

शोहेइच्या तिसऱ्या वर्षी, १३४८ च्या आरंभी, मासाशिगेचा मुलगा मासात्सुरा शिजोनावातेच्या लढाईस निघाला. जाण्यापूर्वी त्याने न्योइरिनजीच्या दारावर बाणाच्या टोकाने निरोपाचे काव्य कोरले अशी आख्यायिका आहे. तो परतला नाही. पाठोपाठ उत्तरेच्या सैन्याने योशिनो जाळले. झाओदोही त्यात भस्म झाले. दरबार आणखी आत, आनो खोऱ्यात सरकला आणि पुढे एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत राहिला. राजधानी फिरती झाली. शोहेइचे आकडे मात्र एकही वर्ष न चुकता पुढे जात राहिले.

उत्तरेकडेही घर एकसंध राहिले नाही. ताकाउजी आणि त्याचा सख्खा धाकटा भाऊ तादायोशी यांच्यात वितुष्ट आले. तादायोशीचा दत्तक मुलगा तादाफुयु हा खरे तर ताकाउजीचाच पुत्र. तो क्यूशू बेटावर पाय रोवून बसला. १३५० मध्ये क्योटोने युग बदलून ‘कान्नो’ केले, तेव्हा त्याने ते न मानता जुने ‘जोवा’ चालूच ठेवले. त्यामुळे क्यूशूत त्या वर्षीच्या कागदांवर तीन वर्षे आढळतात : कान्नोचे पहिले, जोवाचे सहावे आणि शोहेइचे पाचवे. आता विचार करा : बेटावरील एखाद्या लहान जमीनदारास आपल्या शेतीच्या मालकीसाठी अर्ज करावयाचा आहे. मजकूर सोपा आहे. खाली तारीख कोणती घालावी, यावर त्याची जमीन, कदाचित मानही अवलंबून आहे.

त्यानंतरच्या वर्षी तर मौज झाली. भावाशी लढण्यासाठी मोकळीक हवी म्हणून ताकाउजीनेच १३५१ मध्ये दक्षिण दरबारास शरण जाण्याचे ठरविले. उत्तरेचा सम्राट पदच्युत झाला आणि काही महिने संपूर्ण देशाची तारीख एक झाली : शोहेइ सहावे वर्ष. १३५२ च्या वसंतात दक्षिणेच्या सैन्याने क्योटोत शिरून उत्तरेच्या तिन्ही माजी सम्राटांना पकडून नेले आणि समेट मोडला. आशिकागांनी शहर परत घेतले. पण आता गादीवर बसविण्यास मान्यता देणारे वडीलधारे हाती नव्हते आणि तीन पवित्र वस्तूही नव्हत्या. त्या दोहोंवाचूनच नवा सम्राट बसविला गेला आणि क्योटोत पुन्हा कान्नोचे तिसरे वर्ष लिहू लागले.

जपानच्या पूर्व भागात त्या काळातील दगडी स्मृतिशिळा मोठ्या संख्येने आहेत. मृतांच्या सद्गतीसाठी नातलगांनी उभारलेल्या या शिळांवर वर्ष कोरलेले असते. कोठे दक्षिणेचे, कोठे उत्तरेचे. त्यावरून कोणत्या वर्षी कोणत्या भागावर कोणाची छाया होती याचा अंदाज अभ्यासक घेतात. आईच्या नावाने दगड बसवितानाही माणसाला बाजू निवडावी लागत होती.

बाजाराने मात्र बाजू निवडली नाही. जपानमध्ये त्या काळी सरकारी नाणे पाडले जात नव्हते. चीनमधून, विशेषतः सोंग राजवंशाच्या काळातील, तांब्याची चौकोनी भोकाची नाणी आयात होत आणि दोरीत ओवून ती वापरीत. त्या नाण्यांवर युगनाम असे तेही चिनी सम्राटाचे! म्हणजे उत्तरेचा शेतकरी आणि दक्षिणेचा सैनिक तेलाची किंमत मोजीत होते ती तिसऱ्याच देशाच्या, कधीच्या सरलेल्या युगाच्या नाण्यांत. तांबे खरे आहे आणि मोजणी बरोबर आहे, एवढेच बाजाराला पुरे होते. माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाला या सबंध इतिहासातील ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटली.

क्योटो : शत्रूसाठी मंदिर

तिसऱ्या दिवशी आम्ही क्योटोच्या पश्चिमेकडील आराशियामा भागात गेलो. तेथील तेन्र्यूजी मंदिर पर्यटकांनी ओसंडून वाहत असते; त्याचे उद्यान खरोखर देखणे आहे. हे मंदिर ताकाउजीने बांधविले ते गो-दाइगोच्या आत्म्यास शांती मिळावी म्हणून. ज्याला गादीवरून घालविले, ज्याच्याविरुद्ध शस्त्र धरले, त्याच्या मृत्यूनंतर त्याच्यासाठीच एवढा खर्च! त्यात भीती होती, पश्चात्ताप होता की कृतज्ञता, हे ठरविणारे आपण कोण? बहुधा तिन्ही असतील.

मंदिराला प्रथम चालू युगाचे, म्हणजे ‘र्याकुओ’ हे नाव द्यावयाचे होते. हिएइ पर्वतावरील बलाढ्य मठाने त्यास हरकत घेतली आणि नाव बदलावे लागले. पैसाही अपुरा पडला. तेव्हा १३४२ मध्ये चीनला एक व्यापारी जहाज पाठविले गेले. जहाजाच्या व्यापारी नायकाने असा करार केला की, नफा होवो वा तोटा, परतल्यावर मंदिरास ५,००० कान देईन. एक कान म्हणजे हजार नाणी. म्हणजे पन्नास लाख नाणी. आजच्या भाषेत ही निश्चित परताव्याची हमी झाली. हे वाचून माझे बँकेचे मन फार सुखावले. मंदिर १३४५ मध्ये पूर्ण झाले.

तेथून थोड्याच अंतरावर दाइकाकुजी आहे. भलेमोठे तळे, लाकडी सज्जे, चालताना कुरकुरणाऱ्या फळ्या. धाकट्या शाखेला इतिहासात या मंदिराच्या नावानेच ओळखतात. १३९२ मध्ये दक्षिणेचा शेवटचा सम्राट गो-कामेयामा डोंगरातून येथे येऊन उतरला आणि तीन पवित्र वस्तू उत्तरेच्या गो-कोमात्सुकडे सोपविल्या गेल्या. दक्षिणेचे गेन्चू युग नवव्या वर्षी थांबले. उत्तरेचे मेइतोकु तिसरे वर्ष सबंध देशाचे झाले. छप्पन्न वर्षांनी एका दिवसाला पुन्हा एकच तारीख मिळाली.

हा समेट ताकाउजीचा नातू योशिमित्सु याने घडविला. अटी कागदावर चांगल्या होत्या : गादी पुन्हा आळीपाळीने, मिळकतीचीही वाटणी, आणि वस्तू स्वीकारताना गो-कामेयामाला रीतसर पायउतार होणाऱ्या सम्राटाचा मान. प्रत्यक्षात उत्तरेने वस्तू घेतल्या आणि तो मान दिला नाही. दोन वर्षांनी त्याला माजी सम्राटाची पदवी मिळाली तीदेखील ‘कधी गादीवर न बसलेला’ अशा अर्थाने. १४१२ मध्ये गो-कोमात्सुने आपल्या मुलालाच गादी दिली आणि आळीपाळीचे वचन संपले. त्याआधीच, १४१० मध्ये, म्हातारा गो-कामेयामा क्योटो सोडून पुन्हा योशिनोला गेला होता. काही वर्षांनी त्याची समजूत काढून त्याला परत आणले. दक्षिणेच्या अनुयायांनी १४४३ मध्ये राजवाड्यात घुसून पवित्र रत्न पळविले. ते परत मिळण्यास पंधरा वर्षे लागली. घेतले ते जमेस धरले आणि द्यावयाचे नावे टाकलेच नाही, तर असा ताळेबंद जुळत नाही.

हिशेब त्यानंतरही मिटला नाही. १९११ मध्ये प्राथमिक शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात दोन्ही दरबार समान मानले म्हणून जपानमध्ये मोठे वादळ उठले. अखेर दक्षिण दरबारच खरा असा निर्णय झाला. गंमत अशी की, तो निर्णय ज्यांच्या नावे झाला ते मेइजी सम्राट स्वतः उत्तरेच्या शाखेचे वंशज होते. आजही अधिकृत वंशावळीत क्रमांक आहेत ते दक्षिणेच्या सम्राटांना, आणि रक्त वाहते आहे ते उत्तरेचे.

परतल्यावर

ही हकीकत येथे संपविता आली असती. परंतु दाइकाकुजीच्या सज्ज्यात बसलो असताना मला दुसरेच काही आठवत होते, ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमचे आजोबा वारले तेव्हा त्यांनीही लेखी काही ठेवले नव्हते. काका आणि वडील वेगळे झाले. एकाच बाजारपेठेत एकाच नावाच्या दोन पेढ्या उभ्या राहिल्या. दोन्ही पाट्यांवर ‘मूळ पेढी’ आणि दोन्हींवर स्थापनेचे तेच वर्ष. काकांचे वहीपूजन संध्याकाळच्या मुहूर्तावर, म्हणून आमचे पहाटेच्या. हमाल आणि गिऱ्हाईक दोन्हीकडे जात. आम्ही भावंडे मात्र एकमेकांच्या ओट्यावर चढत नव्हतो. आजोबांच्या हातची अखेरची वही वडिलांनी वाटणीच्या वेळी आपल्याकडे ठेवली होती. तीच आमची पवित्र वस्तू. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात थोरल्या चुलत भावाने, दादाने, ती नातवाला दाखविण्यासाठी मागितली. मी “बघतो” म्हणालो आणि पाहिले नाही.

जपानहून परतल्यावर पहिल्या रविवारी मी ती वही घेऊन दादाकडे गेलो. काही मागावयाचे नाही, काही ठरवून घ्यावयाचे नाही, असे वाटेतच मनाशी पक्के केले होते. दादाने चष्मा लावून पहिले पान उघडले. कुंकवाचे स्वस्तिक फिके झाले आहे. त्याखाली आजोबांच्या वळणदार अक्षरात एकाच ओळीत वीर संवत, विक्रम संवत, शके आणि इंग्रजी सन, चारही वर्षे लिहिलेली आहेत. दादा बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून होता.

मग म्हणाला, “तू बँकेतला माणूस. पावती देऊ का?”

मी म्हणालो, “नको, दादा.”

वाचकांपैकी कोणी जपानला गेले तर साकुराच्या मोसमात योशिनोला अवश्य जावे. पहाटेची गाडी पकडावी, कारण दहानंतर वाटेवर पाय ठेवण्यास जागा नसते. न्योइरिनजीच्या मागील त्या पायऱ्या मात्र चुकवू नयेत. तेथे गर्दी नसते.